भिंतीसमोरचे आरसे

थोरलीने घराचा आपला अर्धा भाग विकायला नकार दिला, आणि महिन्याच्या आत दिराने मागच्या बागेत मधोमध भिंत घातली. भाऊ गेल्यावर वहिनी मुलीकडे राहायला जाईल, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. पण रस्त्याकडच्या खोलीत तिचं पार्लर होतं, हक्काची गिऱ्हाइकं होती. "मी कुठेही जाणार नाही, भावजी," एवढंच ती म्हणाली होती.

भिंत चांगली डोक्याच्या वर गेली. नुसते सिमेंटचे ठोकळे, त्यांच्या सांध्यांतून ओघळून वाळलेला माल. डाळिंबाचं झाड पलीकडे गेलं आणि सकाळचं ऊनही. थोरलीच्या जिवाला लागलं ते वेगळंच. दुपारी ती आणि धाकटी जाऊ त्या झाडाखाली भाजी निवडत बसायच्या. आता धाकटीची बादली आपटल्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

"आई, भिंतीकडे पाठ करून बस ना," मुलगी फोनवर म्हणाली.

"माझ्याच बागेत मी पाठ फिरवू?"

तिने चुना कालवला आणि आपल्या बाजूने भिंत पांढरीशुभ्र केली. संध्याकाळी दीर दारात हजर.

"वहिनी, भिंत माझी आहे. दोन्ही अंगांनी माझी. तिला हात लावायचा नाही."

"चुन्याने भिंत झिजते का?"

"झिजण्याचा प्रश्न नाही."

"मग कशाचा आहे?"

दुसऱ्या दिवशी त्याने माणूस लावून चुन्यावर सिमेंटचं पाणी फासून घेतलं.

मग तिने भिंतीच्या पायथ्याशी कृष्णकमळाचा वेल लावला. वेल तरातरा चढला, अर्धी भिंत हिरवी झाली, पहिली कळी धरली. एकदा ती पार्लरमध्ये कुणाच्या भुवया कोरत असताना दीर शिडी लावून अलीकडे उतरला आणि वेल बुंध्यापासून कापून गेला. मुळं भिंतीत शिरतात, असा निरोप मागाहून आला.

थोरलीने वाळलेला वेल गोळा करून खतात टाकला. त्या दिवशी ती जेवली नाही. सकाळी उठून मात्र थेट वेल्डरकडे गेली.

"मला लोखंडी चौकट हवी. स्वतःच्या पायांवर उभी राहणारी. भिंतीपासून हातभर अलीकडे."

"भिंतीला दोन खिळे ठोकले की काम स्वस्तात होईल, बाई."

"भिंतीला नखसुद्धा लागता कामा नये. पाय खोल गाड, माझ्या मातीत."

चौकट उभी राहिली. पार्लरचे कडांना पारा उडालेले जुने उंच आरसे माळ्यावर पडून होते. ते तिने पुसून चौकटीत बसवून घेतले आणि मधल्या पट्ट्यांवर पुन्हा कृष्णकमळ चढवलं. फुलं आली तोवर भिंत दिसेनाशी झाली होती. आरशांत तिची बाग पलीकडे आणखी तेवढीच पसरलेली दिसायची आणि दुपारचं ऊन त्यांवरून उलटून थेट स्वयंपाकघरात यायचं. बायका खुर्ची बाहेरच मांडायला लावू लागल्या. कात्रीचा आवाज, गप्पा, हसणं, सगळं भिंतीवरून पलीकडे जाऊ लागलं.

दीर आला. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत त्याने वाकून पाहिलं.

"हात घालून बघा," ती म्हणाली. "कुठे टेकलंय का?"

"या बायकांच्या हसण्याचा त्रास होतो आम्हाला."

"मग भिंत आणखी उंच करा. माझी ना नाही. पण शिडी लावून पुन्हा माझ्या जागेत उतरलात, तर या खेपेला शिडी कापली जाईल."

खुर्चीतल्या बाईने हसू दाबलं. दीर लालबुंद होऊन निघून गेला.

'आम्हाला' म्हणजे नक्की कुणाला, ते चार दिवसांनी कळलं. रस्त्याकडून वळसा घालून धाकटी आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. तिने सगळी बाग एकदा डोळे भरून पाहिली, वेलाचं एक पान बोटांत धरलं आणि न विचारता खुर्चीत बसली.

"ताई, खांद्यापर्यंत कर."

थोरलीने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि भांग पाडला. पहिली बट खाली पडते न पडते, तोच पलीकडून हाक आली.

"कुठे आहेस? मला वाढतेस ना?"

"थोरल्या जावेकडे," धाकटीने मान न हलवता आवाज चढवला. "ओट्यावर झाकून ठेवलंय. घ्या हाताने."

थोड्या वेळाने पलीकडून ताटावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

धाकटीने आरशात थोरलीकडे पाहिलं. "खांद्यापर्यंत नको. अजून आखूड कर," ती म्हणाली. "त्यांना लांब केस आवडतात."