काचेआडची मरियामाता

एर्मेलिंदाने काचेवर थाडकन हात मारला. कुठेतरी घंटा केकाटायला लागली. केकाटू दे मेली!

काचेआड त्यांच्या वस्तीची मरियामाता उभी होती. चेहरा आणि हात तेवढे घोटीव, रंगवलेले. मानेखाली नुसती चार फळकुटं आणि खिळे. अंगावर चिंधीसुद्धा नाही. देवळाचं छत कोसळलं म्हणून तिला जुन्या कीतो शहरातल्या ह्या संग्रहालयात सांभाळायला दिली होती. सांभाळली म्हणे! एकतीस वर्षं एर्मेलिंदा तिला वस्त्रं चढवत आली, ती दारं-खिडक्या लावून. पुरुषमाणसाला तेव्हा आत मज्जाव, पाद्रीबाबालासुद्धा. तिच्या नवऱ्याने जन्मभर मिरवणुकीत मूर्तीला खांदा दिला, पण झग्याखाली काय आहे ते मरेपर्यंत विचारलं नाही. आणि आता शाळेची पोरं बोटं दाखवून फिदीफिदी हसत होती.

संचालिका शिमेना धावत आली.

"मावशी, काचेला हात लावू नका."

"आमच्या आईला उघडी ठेवलीत! लाज नाही वाटत?"

"अहो, मूर्ती कशी घडवतात ते लोकांना दिसावं म्हणून. वस्त्रं शेजारच्या दालनात नीट मांडलीत."

"मग तुमच्या आजीचा परकर मांडा तिथे! अन् आजीला आणा इथे!"

शिमेना लालबुंद झाली. "प्रदर्शन मार्चपर्यंत आहे. तोवर काही बदलणार नाही."

"मग मीही मार्चपर्यंत इथेच." एर्मेलिंदाने खांद्यावरची शाल ओढली, काचेकडे पाठ केली आणि दोन्ही हात वर करून शाल मूर्तीपुढे धरली.

"सेगुंदो, ह्यांना बाहेर काढ!"

सेगुंदो म्हणजे इथला पहारेकरी, तोही त्यांच्याच वस्तीतला. एर्मेलिंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू रे मुडद्या! महिनाभर इथे बसून डोळे फाडून बघतोयस!"

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. खुर्चीचं तोंड भिंतीकडे होतं. सेगुंदो उठून उभा होता, तोही भिंतीकडेच तोंड करून.

"वळ ना!" शिमेना ओरडली. "दोनदा मेमो दिलाय तुला ह्यावरून!"

"तिसरा द्या, मॅडम." मग त्याने जरा आवाज चढवला. "मावशी, झाकलंय का पुरतं?"

एर्मेलिंदाचे हात भरून आले होते. तिने शाल आणखी ताणली.

"झाकलंय."

तेव्हा कुठे सेगुंदो वळला. जमिनीकडे बघत शिमेनाच्या शेजारून पुढे गेला आणि शालीचं एक टोक त्याने धरलं.