नैमिषारण्यातलं आसन

प्राची तांबे ठाण्यातल्या एका कॉलेजात संस्कृत शिकवते. डोंबिवलीच्या एका मंदिराच्या सभागृहात तिचं व्याख्यान ठरलं. विषय होता, पुराणकथा अरण्यातच का सांगितल्या जातात. तारीख ठरवताना आयोजक मंडळाच्या मैथिलीताईंनी फोनवर सहज विचारलं, "तांबे म्हणजे आमच्या रत्नागिरीकडचेच ना?"

"गाव रत्नागिरीच, ताई. पण आम्ही बौद्ध."

"हो का? छान, छान," म्हणत ताईंनी स्टेशनपासूनचा रस्ता समजावला.

व्याख्यानाला ती कळव्याहून वडिलांना घेऊन आली. दगडू तांबे निवृत्त बस कंडक्टर. लेकीला व्याख्यान देताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मंचावर गादी-तक्क्याचं उंच आसन मांडलेलं. प्राची पायरी चढणार, तेवढ्यात ताई लगबगीने आल्या.

"अगं, तुझा माइक इथे खाली लावलाय. आसनावर फक्त आमचे गुरुजी बसतात. प्रथा आहे, मनावर नको घेऊस."

"मागच्या महिन्यात ते बँकेतले साहेब वर बसूनच बोललेले ना? मी व्हिडिओ पाहिलाय."

"ते वेगळं गं." ताई माइकची वायर सारखी करू लागल्या.

निघून जावं, असं तिच्या मनात आलं. पण शेवटच्या रांगेत बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. ती खाली उभी राहिली आणि तासभर बोलली. नैमिषारण्यात ऋषी यज्ञासाठी जमले, तेव्हा कथा सांगायला सूत आला. रथ हाकणाऱ्यांच्या कुळातला.

"ऋषींना त्याचं कुळ ठाऊक होतं. तरी त्यांनी त्याला उंच आसनावर बसवलं आणि स्वतः खाली बसून ऐकलं," ती रिकाम्या गादीकडे बघत म्हणाली.

टाळ्या थांबेनात. मैथिलीताईंनी तर डोळे पुसले. "किती मोठं मन हो त्या ऋषींचं!" त्या शेजारणीला म्हणाल्या.

परतताना रिक्षात बाबा फक्त ट्रॅफिकबद्दल बोलत होते.

"आवडलं नाही का, बाबा?"

"बोलतेस छान. पण त्यांच्यातल्या एकालाही काही लागलं नाही."

"माहितीये."

"मग कशाला बोलत राहिलीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेने आलेलात म्हणून."

बाबांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. "तुला खाली उभं केलं, तेव्हापासून मी तू कधी निघून येतेस, याची वाट बघत होतो," ते म्हणाले. "चपला मांडीवर घेऊन बसलेलो."