धाकट्याचे कपडे झाडणारी नळी

मी एक जुनी हवेची नळी आहे. मित्रांनो, माझ्या काळ्या रबरावरचे व्रण पाहून दचकू नका. मी मार खाल्ला आहे आणि त्याहून जास्त दिलाही आहे.

दगड कापायच्या शेडमध्ये मला कॉम्प्रेसरला जोडलं, तेव्हा अंगात अशी हवा शिरली की मी कोणाला जुमानेनाशी झाले. हातातून सुटले की फणा काढून लोकांच्या नडग्या फोडायचे. दिवसभर करवती किंचाळायच्या, घण आदळायचे, कपच्या उडून गालांत रुतायच्या. मला ती धुमश्चक्री फार आवडायची.

तिथे दोन भाऊ कामाला होते. धाकट्याच्या घरी तान्ही मुलगी होती. तिला धूळ लागू नये म्हणून काम सुटलं की थोरला माझ्या हवेने त्याचे कपडे झाडायचा.

"दादा, बास की. चामडी सोलतोस का?"

"पोरीला उचलून घेणार ना? मग गप उभा राहा."

मी फुत्कारायचे, पांढरा लोट उठायचा आणि दोघं त्यातच हसत उभे राहायचे. कपड्यांवरची धूळ गेली कुठे, हे कोणी विचारलं नाही.

पुढे धाकट्याला खोकला लागला, मग धाप. डॉक्टरांनी थोरल्याला छातीचा फोटो दाखवला. दगडाची बारीक धूळ फुप्फुसांत रुतून बसली होती आणि ते आता बरं होण्यातलं नव्हतं. "कपडे हवेनं झाडता का?" असंही त्यांनी विचारलं.

थोरला तडक शेडमध्ये आला. कॉम्प्रेसर चालू असतानाच त्याने माझ्यावर छिन्नी टेकवली आणि घण घातला. मी चवताळले. तुटलेलं टोक उसळून त्याच्या जबड्यावर बसलं. तोंडातून रक्त गळत होतं, तरी तो मला ठेचतच राहिला.

"माझ्या भावाला खाल्लंस तू."

धाकटा भिंत धरत, थांबत थांबत आला आणि त्याने कॉक बंद केला.

"दादा... नळीला काय... कळतंय."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता माझा उरलेला तुकडा पाण्याच्या नळाला जोडला आहे. करवत चालते तेव्हा थोरला माझ्यातून दगडावर पाणी सोडतो. निघताना कपडे तिथेच बदलतो. तुम्हीही धूळ उडवू नका, आधी भिजवा.

संध्याकाळी धाकटा मुलीचं बोट धरून शेडच्या दारापर्यंत येतो. ती हात वर करून म्हणते, "बाबा, उचल." तो खाली बसून तिला जवळ घेतो. उचलण्याइतका श्वास त्याच्यात उरलेला नाही.