शवपेटीतलं गाणं

नरहरकाकांना सुळे बसवताना सुलभाला पहिल्यांदा शंका आली. तिने त्यांचा वरचा ओठ बोटाने उचलला, तर आतल्या हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. तिने ट्यूबलाइटला दोष दिला, सुळे दाबून बसवले आणि म्हणाली, "हसा बघू." काका हसले. तालमीला जमलेली मंडळीही हसली.

सुलतान बाजारातल्या मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी तालीम चाले. नाटक विनोदी, गाण्यांचं. सरदार रक्तभक्षे नावाचं जुनाट पिशाच्च हैदराबादेत वधूसंशोधनाला येतं आणि मुलगी बघायला गेलं की समोरचे पोहे सोडून तिच्या मामाच्या मानेकडे टक लावून बसतं. नाटक लिहिलं आणि बसवलं कुकटपल्लीच्या विकासने. तो संवाद मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत उतरवायचा, पण हौस दांडगी. रक्तभक्षे झाले होते सिकंदराबादला रेल्वेतून निवृत्त झालेले नरहरकाका. गळा अजून खणखणीत होता, गुडघे तेवढे कुरकुरायचे. सरोजकाकू लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेल्यामुळे घरी ते एकटेच होते. सुलभा शाळेत चित्रकला शिकवायची, म्हणून रंगभूषा तिच्या गळ्यात पडली होती.

पुढच्या काही तालमींत काकांना पावडर लावायचीच गरज उरली नाही. कानाच्या पाळ्या मेणाच्या दिसू लागल्या. हात हातात घेतला तर गार. नाचून झालं की ते विंगेत भिंत धरून उभे राहत, आणि पोरं म्हणत, काका भूमिकेत पार घुसलेत.

तिने विकासला बाजूला घेतलं. "काकांचा रंग बघितलास का?"

"हौ ना, सुलभाताई. एकदम असली पिशाच्च. परेशान नका होऊ, पावडर वाचली आपली."

मग तिने काकांनाच विचारलं. ते चहाचा कप तसाच धरून बसले होते.

"श्रावणातले उपास धरलेत गं. एकट्यासाठी कोण रांधत बसतो?"

"डॉक्टरकडे जाऊन या ना."

"प्रयोग होऊ दे. डॉक्टर कुठे पळून चाललाय?"

तिकिटं खपली होती, दुसरा गाणारा नव्हता. सुलभा पुन्हा रंगाच्या डब्याकडे वळली. घरी मात्र मुलांच्या चित्रकलेच्या वह्या तपासता तपासता तिला ती पांढरी हिरडी दिसायची, आणि हातातला ब्रश थांबायचा.

प्रयोग दुपारचा होता. दुसरा अंक शवपेटीवर उघडायचा. पेटीवादक सूर धरणार, झाकण उघडणार, आणि रक्तभक्षे उठून बसत लग्नाचं गाणं म्हणणार. पडदा वर गेला, सूर लागला, झाकण उघडलं. कुणी उठलं नाही.

लोक हसले. पेटीवाल्याने तीच ओळ पुन्हा वाजवली. शवपेटीतून एक फिकट हात कडेवर आला, घसरला आणि बाहेर लोंबकळत राहिला. हसण्याचा नुसता लोट आला. पुढच्या रांगेतलं एक पोर टाळ्या पिटू लागलं. पलीकडच्या विंगेतून विकास अंगठा उंचावून दाखवत होता.

सुलभा रंगाने माखलेल्या हातांनीच रंगमंचावर गेली. लोकांना वाटलं, हीच नवरी. त्यांनी तिलाही टाळ्या दिल्या. तिने काकांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत लाल काही नव्हतंच.

"पडदा पाड," ती म्हणाली. ते हसण्यात बुडालं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा विकासचा अंगठा खाली आला.

सुळे तिने गाडीत काढले. दवाखान्यातल्या डॉक्टरने काळा झगा कापला आणि विचारलं, "किती दिवसांपासून असे आहेत?" काकांच्या पिशवीत गुडघ्यांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. नाच जमावा म्हणून ते उपाशीपोटी गोळ्या घेत होते. पोटात जखम होऊन रक्त आतल्या आत झिरपत होतं. ज्यांचा रक्तगट जुळला ते नट तोंडावरचा रंग न पुसताच रक्त द्यायला आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सरोजकाकू आल्या. धोका टळल्याचं ऐकून बाकावर बसल्या.

"कुणाच्याच लक्षात नाही आलं?"

विकासने मान खाली घातली. "माझ्या आलं होतं, काकू," सुलभा म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग नजर आपल्याच तळहातांकडे वळवली. "फोनवर त्यांना धाप लागायची. मी म्हटलं, तालमीतून आले असतील."

संध्याकाळी दोघींना आत सोडलं. काकांच्या ओठांवर किंचित रंग आला होता. त्यांनी सुलभाला जवळ बोलावलं.

"लोक हसले का गं?"

तिने काकूंकडे पाहिलं. काकू उशी नीट करत होत्या.

"हसले," सुलभा म्हणाली. "खूप हसले, काका."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले. ती मात्र त्यांची छाती वरखाली होताना बघत तिथेच उभी राहिली.