पितर म्हणून बसलेले देवाजी गुरुजी

सानगडीच्या देवाजी गुरुजींनी शाळेतून निवृत्त झाल्यापासून धर्मावर एवढी पुस्तकं वाचली होती, की आता त्यांना धर्माविषयी काहीच ठामपणे सांगता येत नव्हतं. आत्मा मरत नाही, हे त्यांना पाठ होतं. तो दुसरा देह घेतो, हेही पाठ होतं. मग पितृपक्षात आपण जेवायला नेमकं कोणाला बोलावतो, या प्रश्नाशी त्यांचं वाचन दर भाद्रपदात अडून बसायचं.

त्या सकाळीही ते तिथेच अडले होते, तेवढ्यात शेजारचा इश्वर आला. त्याच्या वडिलांची, केशवरावांची, आज तिथी. गावची रीत अशी, की एखाद्या वयस्क माणसाला पितर म्हणून पाटावर बसवायचं, त्याचे पाय धुवायचे आणि गेलेला माणूसच आला असं समजून त्याला पोटभर वाढायचं. दरवेळी बसणारे गृहस्थ तापाने पडले होते. गुरुजी केशवरावांच्याच वयाचे, तेव्हा आज त्यांनी यावं.

गुरुजींनी चष्मा पुसला. स्वतःचीच खात्री नसताना दुसऱ्याचा बाप होऊन बसणं बरं दिसेल का, शिवाय केशवरावांनी एव्हाना कुठे जन्म घेतला असला तर, असं काहीसं ते पुटपुटू लागले. आतून त्यांची बायको आनंदाबाई म्हणाली, "अजी, जेवाले बोलावलं हाये तुमाले. भाषण द्याले नाई."

गुरुजी गेले. नाही म्हणायला जे धैर्य लागतं, ते त्यांच्याजवळ नोकरीतही नव्हतं.

इश्वरने पाय धुतले, कपाळाला गंध लावलं. पाटावर बसल्यावर गुरुजींना वाटलं, चेहरा जरा केशवरावांसारखा करावा. पण केशवराव म्हणजे धिप्पाड, गल्लीभर ऐकू जाईल असं हसणारे, आणि हे असे मूठभर. आपल्यात उतरायचं तर बिचाऱ्यांना किती अंग चोरावं लागेल, या विचाराने गुरुजींना त्यांची दया आली.

वरणभात, कढी, वडे झाले. मग केशवरावांची बायको चंद्रभागाबाई स्वतः खिरीचं भांडं घेऊन आली. गुरुजींनी सवयीने वाटीवर हात आडवा धरला.

"नको. पुरे."

त्यांना शुगर होती. दहा वर्षं ते प्रत्येक पंगतीत असाच हात धरत आले होते. पितराने नको म्हणायचं नसतं, हे त्यांच्या एकाही पुस्तकात नव्हतं आणि गावातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. इश्वर जागच्या जागी थांबला. चंद्रभागाबाईच्या हातातली पळी तशीच वर राहिली.

शुगर केशवरावांनाही होती. शेवटच्या महिन्यात ते खीर मागत, आणि ती डॉक्टरांचं ऐकून बिनसाखरेची देई. शेवटच्या दिवशी त्यांनी असाच वाटीवर हात धरला होता. तेव्हा खाटेशेजारी गुरुजी बसले होते. पुस्तकातली पानंच्या पानं लक्षात ठेवणारा हा माणूस नेमकं तेवढं विसरला होता.

ती त्यांच्याकडे बघत होती, पण बोलत होती ती त्यांच्याशी नव्हे.

"अजून राग हाये का जी?"

गुरुजींनी डोक्यातली सारी कपाटं धुंडाळली. आत्म्याला भूक नाही, राग नाही, नातं नाही. असेलही खरं, पण त्यातलं काहीच त्या बाईच्या कामाचं नव्हतं. प्रामाणिकपणे बोलायचं तर 'मला माहीत नाही' म्हणावं लागलं असतं, आणि ते तर ते जन्मभर म्हणत आले होते.

त्यांनी हात काढला.

"राग नाई," ते म्हणाले. "तवाई नव्हता. वाढ."

चंद्रभागाबाईला त्यांनी कधी अगंतुगं केलं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण ती वाढत गेली आणि ते खात गेले, तीन वाट्या.

संध्याकाळी इश्वर वड्यांचा डबा द्यायला आला. आई आज दोन वर्षांनी खीर जेवली, एवढंच सांगून गेला. गुरुजींना बरं वाटलं. लगेच शंकाही आली, की आपण धडधडीत खोटं बोललो, की बोलणारे आपण नव्हतोच? तोवर आनंदाबाईने त्यांच्या बोटाला सुई टोचून यंत्र पुढे धरलं होतं. आकडा तीनशेच्या वर होता.

"केशवराव जेवले म्हनता," ती म्हणाली, "मंग शुगर तुमची काहून वाढली?"

गुरुजींनी उत्तरासाठी पुस्तकाकडे हात नेला. मग तो तसाच वळवून बायकोपुढे पसरला. तिने त्यावर गोळी ठेवली.