कंबरेवरची खूण

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण ऐन जवानीत डॉक्टरनं माझ्या कंबरेच्या हाडातून तांब्याभर मगज काढला होता, आणि मी तसाच उठून केळीचे घड वाहायला गेलो होतो.

जळगाव स्टेशनच्या बाकावर मी हे माझ्या नातीला, मेघाला सांगत होतो. शेजारी माझी सून नूतन कुंदनला मांडीवर घेऊन बसली होती. मास्क लावून तो पेंगत होता. मेघाच्या या भावाच्या अंगात रक्त तयार होणंच थांबलंय. चोपड्याहून येऊन-येऊन, त्याला रक्त चढवून-चढवून आम्ही सगळे वाळून गेलोय. आता मुंबईला मेघाच्या हाडातला मगज काढून त्याला द्यायचा. घरात तिचाच जुळला. पण पोरगी नको म्हणाली तर हात लावणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. आणि पोर अजून हो म्हणाली नव्हती.

"दुखस का, आबा?"

"मुंगी चावस तितलं."

"मंग बाळना नाळनं रगत काबरं नही दिधं?"

नाळेतलं रक्त धरायला डॉक्टरीणबाईंनी पिशवी दिली होती खरी. पण कुंदनच्या पाठच्या या बाळाच्या वेळी नूतन अवेळी, घरीच बाळंत झाली. माझ्या थोरल्या बहिणीनं, भिकुबाई अक्कानं, रीतीप्रमाणे नाळ-वार केळीच्या बुंध्याशी पुरून टाकली. पिशवी फडताळातच राहिली. तेव्हापासून अक्का त्या केळीकडे पाठ करून बसते; आजही बाळाला घेऊन ती घरीच थांबली होती.

मी मेघाला माझ्या धंद्यातलं सांगितलं. नाळेचं रक्त म्हणजे लॅबमधलं केळीचं रोप. थोडंफार जुळलं तरी तग धरतं, पण असतं इवलंसं, रुजायला वेळ लावतं. हाडातला मगज म्हणजे जाणता कंद. भरपूर, लवकर फुटतो, फक्त जमीन नीट जुळावी लागते.

"कंद काढा तरी मायझाड मरस नही. तुन्हा मगज परत भरी येस."

"तुमना भरना?"

"भरना? उतू गया."

नूतन कितीतरी दिवसांनी हसली. तेवढ्यात गाडीची घोषणा झाली.

मेघा उठली. कुंदनची पाण्याची बाटली तिनं खांद्याला अडकवली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आबा, तुमनी कंबरले एक बी खूण नही. तेल मीच लावस ना रोज."

"म्हातारपणमा बुजी जास."

"समदं खोटं शे. दुखसच ते," ती म्हणाली, आणि माझा हात धरला. "चाला, गाडी उनी."