वयाने थोरला

एक मंत्र मिळाला की काउको हिर्वेलाच्या पदरात पडायचं होतं ते काही थोडंथोडकं नव्हतं. रक्त थांबवायच्या मंत्रांवरचा त्याचा ग्रंथ पुरा होणार होता. त्याच ग्रंथापायी त्याचे केस पिकले होते आणि बायको कंटाळून बहिणीकडे राहायला गेली होती. दर सभेत गोड हसून "हिर्वेला, कुठवर आलं?" विचारणाऱ्या तुर्कू विद्यापीठाच्या प्राध्यापकांचं तोंड एकदाचं मिटणार होतं. शिवाय तळ्यापलीकडच्या नास्तोच्या घरी चार दिवस राहायला सबब मिळणार होती. ही तिसरी बाब तो हिशेबात धरत नसे. म्हणजे तीच सगळ्यांत मोठी असणार.

तो आला तेव्हा नास्तो धक्क्यावर मासे साफ करत बसली होती. तिने मानही वर केली नाही.

"काय रे मास्तर, वाट चुकलास?"

"कामासाठी आलोय, नास्तो."

"ते आलंच. बिनकामाचा तू त्या उन्हाळ्यातही आला नव्हतास."

त्या उन्हाळ्यात तो कॉलेजातला पोरगा होता. नास्तो होडी वल्हवायची, गायची, आणि तो समोर बसून लिहून घ्यायचा. दोघंही बिनलग्नाची. निघायच्या दिवशी याच धक्क्यावर तिने होडीची दोरी जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवली होती. काउकोने हस्तांदोलन केलं, आभार मानले आणि गेला. पुढे तिचं लग्न झाल्याचं कळलं, मग नवरा बुडाल्याचं. दोन्ही वेळा तो पत्र लिहायला बसला आणि दोन्ही वेळा त्याला दुसरंच काही महत्त्वाचं काम आठवलं.

"मंत्र हवाय ना?" तिने विचारलं. "आमचा कायदा ठाऊक आहे? आपल्याहून धाकट्याला सांगितला की मंत्राचं बळ मला सोडून जाणार. थोरल्याला सांगितला तर जागच्या जागी राहणार. डॉक्टर इथून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. कोणाला काही लागलं-कापलं की अख्खं गाव माझ्या दारात येतं. उगाच सांगून चालायचं नाही."

"आपण एकाच वर्षातले."

"मी वसंतात तळ्यावरचा बर्फ फुटताना जन्मले. तू कधीचा?"

काउको ऑगस्टमधला. पण तो शिकलेला माणूस, बळबिळ मानत नव्हता. जे मुळात नाहीच ते नेल्याने कोणाचं काय जाणार? हिशेब त्याला चोख वाटला.

"फेब्रुवारीतला," तो म्हणाला. "कडाक्याची थंडी होती म्हणे."

नास्तोने आता कुठे मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. सुरी कमरेच्या फडक्याला पुसली.

"थोरलाच की मग. बस. लिही."

जखमेवर हात ठेवतात तसा तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि ओठ जेमतेम हलवत मंत्र सांगितला. काउकोची पेन्सिल भराभर चालली. मंत्र संपल्यावरही हात थोडा वेळ तसाच राहिला. तिने तो काढून घ्यावा असं काउकोला वाटेना, आणि राहू दे म्हणायला जीभ उचलेना.

दुसऱ्या दिवशी गवताची कापणी चालली होती. शेजारच्या हुओतीच्या पोटरीत लांब दांड्याचा विळा घुसला. त्याला उचलून आणलं तेव्हा त्याची बायको मार्प्पा रडत पुढे धावली.

"नास्तोआत्या, थांबव गं! पटकन म्हण!"

नास्तोने जखमेवर फडकं दाबून धरलं. पण ओठ मिटलेलेच.

"होडी काढा. डॉक्टरकडे न्या."

"अगं, मंत्र म्हण की!"

"माझ्याकडे नाही राहिला आता."

काउकोने कमरेचा पट्टा काढून हुओतीच्या मांडीला करकचून आवळला. चौघांनी होडी हाकारली. धक्क्यावर दोघंच उरली.

"म्हणायला काय हरकत होती?" काउको म्हणाला. "मी थोरला आहे ना?"

"इल्याच्या जत्रेच्या दिवशी जन्मलायस तू," नास्तो हात धूत म्हणाली. "ऑगस्टच्या दोन तारखेला. त्या वर्षी पंगतीत फुशारकी मारत होतास, सगळं गाव माझ्याच वाढदिवसाला भात भरलेल्या पिराक्का भाजतंय म्हणून. चार खाल्ल्यास. तेव्हापासून दर जत्रेला एक जादा भाजते मी. भात जरा सढळ हाताने भरून."

काउकोने पट्ट्यावाचून घसरणारी विजार वर ओढली.

"माहीत होतं, तरी दिलास?"

"मागितलास म्हणून. त्या वर्षी तू काही मागितलंच नाहीस, काउको. मी दोरी धरून उभी होते."

आता बोलावं असं फार होतं. नास्तो क्षणभर थांबलीसुद्धा. काउकोने खिशातली वही चाचपली, आहे की नाही एवढंच पाहिलं. मग नास्तो माशांची टोपली उचलून घराकडे वळली.

ग्रंथ त्याच हिवाळ्यात छापून आला. तुर्कूचे प्राध्यापक गप्प झाले. हुओती वाचला, पण पाय ओढत चालू लागला. हात-पाय कापले की गावाला आता अर्धा दिवस वल्ही मारावी लागत. नास्तोच्या दारात कोणी येईनासं झालं, आणि वाटेत भेटणारा तिला आत्या म्हणेनासा झाला. ज्याने त्याने आपापल्या वाट्याची किंमत मोजली. काउकोकडे मात्र कोणी काही मागितलं नाही. दर दोन ऑगस्टला तो हेलसिंकीतल्या आपल्या घरी खिडकीशी बसून राहायचा, कोणी तरी मागेल म्हणून.